गयानाचे तेल कोणत्या पेपरात वाचावे?

गयानाच्या तेलाबद्दल शोधायला बसलात की एकाच तारखेच्या दोन बातम्या समोर येतात. एक सांगते की देश लुटला जातोय. दुसरी सांगते की तिजोरीत विक्रमी भर पडली. गंमत अशी की दोन्हींतले आकडे बहुतेक वेळा खरे असतात. दक्षिण अमेरिकेतला छोटा देश, वस्ती जेमतेम आठ लाख, भाषा इंग्रजी, आणि मे २०१५ मध्ये समुद्रात लायझा विहिरीला तेल लागल्यापासून सगळे राजकारण या एका विषयाभोवती फिरणारे. अशा देशात कोणता पेपर हातात धरायचा, हे वाचायला सुरुवात करण्याआधीच ठरवलेले बरे.

हा आढावा २०१५ ते २०२५ या दहा वर्षांतल्या वार्तांकनाचा आहे. ऊर्जा क्षेत्राचा अभ्यास करणारे, शोधनिबंधासाठी मागचे अंक चाळणारे, कामाच्या किंवा कंत्राटाच्या निमित्ताने राजधानी जॉर्जटाउनकडे डोळे लावून बसलेले, अशांसाठी तो लिहिला आहे. भारताचा संबंधही नुसता गिरमिटियांच्या इतिहासापुरता उरलेला नाही. २०२१ पासून भारतीय रिफायनऱ्यांनी गयानाचे कच्चे तेल घेतले आणि गयानातल्याच वेल्स या गावच्या वायू-वीज प्रकल्पावर देखरेखीचे काम २०२३ मध्ये इंजिनियर्स इंडियाला मिळाले.

या दशकातली मुख्य दैनिके चार: स्टाब्रूक न्यूज, कायचूर न्यूज, गयाना क्रॉनिकल आणि गयाना टाइम्स.

पेपर कोणाचा

क्रॉनिकल सरकारी मालकीचा. टाइम्स २००८ मध्ये निघाला तो क्वीन्स अटलांटिक या उद्योगसमूहातून. समूहाचे मालक रामरूप हे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष भरत जगदेव यांचे निकटवर्ती समजले जातात. जगदेव यांचा पक्ष पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टी, म्हणजे पीपीपी, सत्तेवर असताना हे दोन पेपर एका सुरात बोलतात. पीपीपी विरोधात गेला की दोघांची तोंडे दोन दिशांना होतात, कारण क्रॉनिकल नव्या सरकारबरोबर जातो आणि टाइम्स आपल्या जागी राहतो. २०१५ ते २०२० चे अंक वाचताना हे लक्षात ठेवले नाही तर सगळेच उलटे वाचले जाईल. तेव्हा सत्ता पीपीपीच्या विरोधातल्या एपीएनयू-एएफसी आघाडीची होती. त्याच काळात, मार्च २०१८ मध्ये, डेव्हिड हाइंड्स आणि लिंकन लुइस यांची सदरे क्रॉनिकलने बंद केली. हे दोघे पीपीपीचे नव्हते, उलट आघाडीच्याच बाजूच्या वर्तुळातले टीकाकार होते. म्हणजे क्रॉनिकल अमुक पक्षाचा म्हणणे चुकीचे. तो खुर्चीवर बसलेल्याचा.

स्टाब्रूक न्यूज डेव्हिड डी केअर्स यांनी नोव्हेंबर १९८६ मध्ये सुरू केला. त्याआधीची वर्षे स्वतंत्र पत्रकारितेसाठी फार वाईट गेली होती. तेव्हाच्या फोर्ब्स बर्नहॅम सरकारने कॅथलिक स्टँडर्ड आणि मिरर या पेपरांची कागदाच्या आयातीची वाट अडवली होती आणि जुलै १९७९ मध्ये कॅथलिक स्टँडर्डसाठी छायाचित्रे काढणारे फादर बर्नार्ड डार्क यांचा भर रस्त्यात भोसकून खून झाला. स्टाब्रूकचे सुरुवातीचे अंक तर त्रिनिदादमध्ये, तिथल्या एक्सप्रेस दैनिकाच्या छापखान्यात छापून आणले जात. पुढे २००६ च्या अखेरीपासून २००८ पर्यंत जगदेव सरकारने या पेपरच्या सरकारी जाहिराती बंद ठेवल्या. छोट्या देशात सरकार हाच सर्वांत मोठा जाहिरातदार, त्यामुळे हे हत्यार सेन्सॉरपेक्षा स्वस्तात काम करते.

कायचूर न्यूज ग्लेन लाल यांनी १९९४ मध्ये काढला. ऑगस्ट २००६ मध्ये एकल्स इथल्या त्याच्या छापखान्यात घुसून हल्लेखोरांनी पाच कामगारांना ठार केले. पेपर तरीही चालू राहिला. तेलाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधीच माहीत असायला हवी: हा पेपर नुसता बातम्या देत नव्हता, तो पक्षकार होता. तेल करारातल्या करसवलतींविरुद्ध २०२२ मध्ये न्यायालयात गेले ते खुद्द मालकच. हे त्यांनी कधी लपवले नाही, पण त्या दाव्याची बातमी त्यांच्याच पेपरात वाचताना तुम्ही वादीचे म्हणणे वाचत असता.

एकच करार, चार तऱ्हा

तुलना करायला २०१६ चा करार घेऊ, कारण पुढचे सगळे वाद त्यातूनच निघतात. समुद्रातल्या स्टाब्रूक ब्लॉक या तेलक्षेत्राचा, सरकार आणि एक्सॉन व तिच्या भागीदार कंपन्या यांच्यातला हा करार जून २०१६ मध्ये झाला, लोकांसमोर आला तो डिसेंबर २०१७ मध्ये. मधली दीड वर्षे पेपर अंधारात चाचपडत होते, तेव्हा त्या काळातल्या तपशिलांवर फार भिस्त ठेवू नका. कंपन्यांनी दिलेला १ कोटी ८० लाख डॉलरचा स्वाक्षरी बोनसही डिसेंबर २०१७ मध्येच उघड झाला.

करारातले गणित असे. शंभर पिंपे तेल निघाले तर त्यातली ७५ पर्यंत पिंपे कंपन्या आपला खर्च वसूल करायला घेऊ शकतात. उरलेल्या २५ चे निम्मे-निम्मे वाटे. म्हणजे देशाला साडेबारा पिंपे, शिवाय २ टक्के रॉयल्टी, एकूण साडेचौदा. वसूल करायचा खर्च संपत जाईल तसा हा वाटा वाढायला हवा. पण करारात प्रकल्पाप्रकल्पाचा खर्च वेगळा ठेवण्याची अट नाही. समुद्रात तेल काढणाऱ्या नव्या जहाजाचा खर्च जुन्या जहाजाच्या तेलातून वसूल होतो आणि वाटा वाढण्याचा दिवस पुढे सरकत राहतो.

कायचूरने यातला '२ टक्के' उचलला आणि वर्षानुवर्षे पहिल्या पानावर वाजवला. आकडा खरा, पण नफ्यातला वाटा सोडून दिल्यामुळे वाचकाला वाटते की देशाला शंभरातली दोनच पिंपे मिळतात. क्रॉनिकल आणि २०२० नंतरचा टाइम्स उलट टोकाला. त्यांच्याकडे बातमी असते ती नैसर्गिक संसाधन निधीत, म्हणजे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात, या तिमाहीत किती कोटी डॉलर जमा झाले त्याची. तोही आकडा खरा. त्यात एवढेच नसते, की एकूण किती तेल विकले गेले आणि त्यातला हा कितवा हिस्सा.

स्टाब्रूकची खरी ताकद बातमीत नव्हती, सदरांत आणि वाचकांच्या पत्रांत होती. ख्रिस्तोफर राम हे वकील आणि हिशेबनीस. त्यांनी तेलावरच्या सदरात करार कलमाकलमाने सोडवून दाखवला. कलम १५.४ घ्या. कंपन्यांचा आयकर सरकार आपल्या वाट्याच्या तेलातून भरते, असे त्यात आहे. कंपनी कर 'भरते' असे कागदावर दिसते, पण पैसे जातात देशाच्याच खिशातून. ही गोष्ट '२ टक्के' या मथळ्यात मावत नाही आणि निधीच्या जमाखर्चातही दिसत नाही. आनंद गुलसरन हे माजी महालेखापरीक्षक. त्यांचे सदर सरकारी हिशेबांवर. दोघांचे लेख लांबलचक आणि कोरडे, पण एकदा वाचले की बाकीचे पेपर पटापट वाचता येतात.

पत्रव्यवहाराचे पान तर चुकवूच नका. मंत्री, कंपनीचे अधिकारी, विरोधक, निवृत्त सनदी नोकर, सगळे तिथे नावानिशी भांडत. सोमवारी आरोप, बुधवारी उत्तर, शुक्रवारी प्रत्युत्तर. एका पत्रावर थांबलात तर फसलात. त्याच नावाने पुढच्या दहा दिवसांतली पत्रे शोधायची.

खर्चाच्या लेखापरीक्षणाचे प्रकरण हा याचा चांगला नमुना. १९९९ ते २०१७ या काळातला कंपन्यांचा १६० कोटी डॉलरहून अधिक खर्च आयएचएस मार्किट या संस्थेने तपासला आणि २१ कोटी ४० लाख डॉलरवर बोट ठेवले. २०२३ मध्ये कळले की मंत्रालयाच्या पातळीवर कंपनीशी बोलणी होऊन ही रक्कम ३० लाखांवर आणली गेली. नंतर जगदेव, जे तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होते, म्हणाले की असे करायचा अधिकार कोणालाच दिलेला नव्हता. एका दिवसाचा एक पेपर उघडला तर यातला एकच आकडा हाती लागतो आणि तोच अंतिम वाटतो. इथे कायचूरला पूर्ण गुण द्यावे लागतील. असे प्रकरण तो सोडत नाही, महिनोन्‌महिने तोच प्रश्न विचारत राहतो. मथळे कर्कश असतील, चिकाटी मात्र बाकी तिघांत मिळून नाही.

क्रॉनिकल का टाकून देऊ नये

सरकारी पेपर म्हणून क्रॉनिकल बाजूला ठेवण्याची सवय अभ्यासकांत आहे. ती नुकसानीची आहे. सरकारने कोणते वचन कोणत्या तारखेला दिले, हे सर्वांत सोप्या रीतीने क्रॉनिकलमध्येच सापडते. वेल्सचा ३०० मेगावॉटचा वीजप्रकल्प आणि किनाऱ्यापर्यंत येणारी सव्वादोनशे किलोमीटरची वायुवाहिनी यांच्या पूर्ततेच्या तारखा किती वेळा पुढे गेल्या, हे विरोधकांच्या लेखांतून काढण्यापेक्षा क्रॉनिकलच्या जुन्या बातम्या ओळीने लावल्या तर आपोआप दिसते. तिथे सरकार स्वतःच्या तोंडाने बोललेले असते, त्यामुळे कोणाला नाकारताही येत नाही.

फक्त ती बातमी आहे की प्रेसनोट, हे ओळखता आले पाहिजे. सार्वजनिक माहिती विभागाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचे निवेदन उघडा आणि पहिले दोन परिच्छेद ताडून पाहा. शब्दाला शब्द जुळला तर क्रॉनिकलचा संदर्भ न देता विभागाचा द्या. रविवारच्या अंकाबरोबरची पेपरपॉट पुरवणी तेलाच्या कामाची नाही. गावे, माणसे, खाणेपिणे यांसाठी ती छान आहे.

टाइम्सबद्दल फार सांगण्यासारखे नाही. २०१५ ते २०२० मध्ये विरोधकांची बाजू म्हणून तो वाचावा. त्यानंतरच्या काळात क्रॉनिकल वाचला असेल तर टाइम्समध्ये नवे थोडेच मिळते.

वेबवरचे

डेमेरारा वेव्हज हे डेनिस चाब्रोल यांचे संकेतस्थळ. न्यायालय, संसद, निवडणूक आयोग यांच्या बातम्या तिथे लवकर येत आणि मजकूर आटोपशीर असे. मार्च २०२० च्या निवडणुकीचा निकाल लागायला २ ऑगस्ट उजाडला. त्या पाच महिन्यांतला तासातासाचा क्रम लावायचा असेल तर छापील पेपरपेक्षा ते बरे. मे २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने एक्सॉनच्या मूळ कंपनीकडून तेलगळतीसाठी अमर्याद हमी घेण्याचा निर्णय दिला आणि जूनमध्ये अपील न्यायालयाने २०० कोटी डॉलरच्या हमीवर त्याला स्थगिती दिली. अशा प्रकरणात पहिली बातमी पकडून बसणाऱ्याची फजिती होते. गयानाच्या न्यायालयीन बातमीला पुढचे पान असतेच: उच्च न्यायालय, अपील न्यायालय आणि शेवटी त्रिनिदादमधले कॅरिबियन न्यायालय.

ऑइलनाउ फक्त तेल-वायूचे. जहाज कधी निघाले, कोणत्या विहिरीचे काम सुरू झाले, कोणत्या कंपनीला कोणते काम मिळाले, हे तिथे झटकन आणि तांत्रिक चुका न करता मिळते. करार देशाच्या फायद्याचा आहे का, असला प्रश्न घेऊन तिथे जाऊ नका. सूर उद्योगाशी जुळलेला असतो. न्यूज रूम आणि न्यूज सोर्स ही दोन्ही संकेतस्थळे रोजच्या घडामोडींसाठी पुरेशी आहेत.

आकडे जिथे दगा देतात

पहिला सापळा चलनाचा. स्थानिक पेपरात नुसते डॉलरचे चिन्ह असेल तर तो गयानाचा डॉलर. अमेरिकी डॉलर असेल तर आधी 'यूएस' लावतात. एका अमेरिकी डॉलरला साधारण २०९ गयाना डॉलर. २०२५ चा अर्थसंकल्प १.३८२ ट्रिलियनचा होता. हा आकडा अमेरिकी समजून लिहिला तर गयाना मोठ्या युरोपीय देशांच्या पंक्तीत जाऊन बसेल. २०९ ने भागल्यावर येतात सुमारे ६६० कोटी अमेरिकी डॉलर. कायचूरच्या मथळ्यात जागा वाचवायला 'यूएस' कधी गळते, तेव्हा मथळ्यावरून आकडा उचलू नये, मजकुरातून घ्यावा.

दुसरा सापळा रॉयल्टीचा. २०२३ मध्ये सरकारने नव्या क्षेत्रांसाठी नमुना करार आणला. त्यात रॉयल्टी १० टक्के, खर्चवसुलीची मर्यादा ६५ टक्के आणि वर १० टक्के कंपनी कर. 'गयानाची रॉयल्टी १० टक्के' असे क्रॉनिकलमध्ये वाचून ते स्टाब्रूक ब्लॉकला लावणारे बरेच भेटतात. त्या ब्लॉकला २०१६ चाच करार लागू आहे, आणि या दशकात देशात निघालेले तेल सगळे त्याच ब्लॉकमधले.

११ अब्ज पिंपे हा आकडा चारही पेपर 'साठा' म्हणून छापत. कंपनी मात्र 'काढता येण्याजोगे स्रोत' म्हणते आणि त्यात वायूही तेलाच्या पिंपांत मोजलेला असतो. सिद्ध साठा ही वेगळी, बरीच काटेकोर गोष्ट. तसेच जहाजांचे. लायझा डेस्टिनीची मूळ क्षमता दिवसाला १ लाख २० हजार पिंपे, युनिटी आणि प्रॉस्पेरिटी प्रत्येकी २ लाख २० हजार, ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेले वन गयाना २ लाख ५० हजार. ही आराखड्यातली क्षमता. डेस्टिनीने यंत्रसामग्री सुधारल्यावर तिच्याहून पुष्कळ जास्त तेल काढले, आणि वायू दाबणारे यंत्र बिघडले तेव्हा कमी काढले. बातमीत 'उत्पादन' लिहिले असेल तर ती क्षमता आहे, त्या दिवसाचा आकडा आहे की महिन्याची सरासरी, हे आधी बघा.

भागीदारांची नावेही बदलली आहेत. एक्सॉनचा वाटा ४५ टक्के आणि चिनी कंपनी सीएनओओसीचा २५ टक्के तसाच राहिला, पण हेसचे ३० टक्के जुलै २०२५ मध्ये शेवरॉनकडे गेले. जुन्या लेखातले हेस आणि नव्या लेखातले शेवरॉन म्हणजे एकच वाटा.

शोधताना

'स्टाब्रूक' एवढाच शब्द टाकून काही होणार नाही. पेपरचे नाव तेच, तेलक्षेत्राचे तेच, जॉर्जटाउनच्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या बाजाराचेही तेच. क्षेत्र हवे असेल तर 'स्टाब्रूक ब्लॉक' हे दोन शब्द अवतरणात टाका आणि शोध एकाच संकेतस्थळापुरता मर्यादित ठेवा. आधी क्रॉनिकल, मग कायचूर, मग स्टाब्रूक, असा एकच प्रश्न तीन ठिकाणी. कंपनीचे नावही दोन तऱ्हांनी शोधावे लागते. न्यायालयाच्या बातमीत एक्सॉनऐवजी 'एस्सो एक्सप्लोरेशन अँड प्रॉडक्शन गयाना' किंवा त्याची आद्याक्षरे येतात. पहिल्या करारावर, १९९९ मध्ये, सही याच नावाने झाली होती.

कायचूरचे 'डेम बॉइज से' हे विनोदी सदर स्थानिक क्रिओल बोलीत असते. शोधाच्या निकालात ते बातम्यांच्या शेजारीच येऊन बसते आणि यंत्रभाषांतरात त्याचा पार विचका होतो. शेवटी 'टॉक हाफ, लेफ हाफ' दिसले की समजा ही बातमी नाही, टोला आहे. संदर्भ म्हणून देऊ नका, पण वाचा. बाजारात काय कुजबुज आहे ते तिथे कळते. 'पीपिंग टॉम' हेही सदरच.

लेख सापडला की लगेच प्रत जतन करायची आणि तारीख मजकुरातून टिपून घ्यायची. दुवे तुटतात, संकेतस्थळांची रचना बदलते, आणि नुसता दुवा जपून ठेवणाऱ्याच्या हाती रिकामे पान येते.

मग कोणता?

वेळ थोडा आणि एकच पेपर निवडायचा असेल, तर या दशकासाठी स्टाब्रूक. चुका त्याच्याही होत, भाषा कधी कंटाळवाणी, आणि पीपीपीच्या समर्थकांना तो कायम विरोधकांचा वाटत आला. पण दुसरी बाजू छापण्याची रीत त्याने सर्वांत जास्त पाळली. दोन पेपर घ्यायचे तर दुसरा टाइम्स किंवा कायचूर घेण्याचा मोह होईल. माझे मत क्रॉनिकलच्या बाजूने पडेल, कारण टीका स्टाब्रूकच्या पत्रांत मिळतेच, सरकारचे शब्द मात्र मूळ स्वरूपात हवेत. चळवळ, जनमत, करारविरोधी राजकारण हा विषय असेल तर हा क्रम मोडा आणि कायचूरपासून सुरुवात करा. त्या विषयात तो साधन कमी आणि पात्र जास्त आहे.

नोकरी-कंत्राटवाल्यांची गरज निराळी. त्यांना अग्रलेखांशी कर्तव्य नाही. डिसेंबर २०२१ च्या स्थानिक सहभाग कायद्याने चाळीस प्रकारच्या सेवांमध्ये गयानाच्या लोकांसाठी आणि कंपन्यांसाठी ठरावीक टक्के राखून ठेवले. केटरिंग, वाहतूक, हिशेब, जागा भाड्याने देणे अशी कामे त्यात येतात. आपले काम त्या यादीत आहे का, हे आधी कायद्याच्या परिशिष्टात पाहायचे. पेपरातला सारांश चालत नाही, कारण टक्केवारी सेवेगणिक वेगळी आहे. मग क्रॉनिकलच्या निविदांच्या जाहिराती, राष्ट्रीय खरेदी व निविदा मंडळात उघडलेल्या बोलींच्या बातम्या आणि ऑइलनाउ. बोलींच्या बातमीत कोणी किती रक्कम भरली याबरोबर बहुधा अभियंत्याचा अंदाजही दिलेला असतो. सहा महिन्यांच्या अशा बातम्या एका तक्त्यात भरल्या की तुमच्या धंद्यातले स्थानिक दर काय आहेत आणि भागीदार म्हणून कोणाचे दार ठोठावायचे, ते कळू लागते. रक्कम लिहिताना पुढे गयाना डॉलर की अमेरिकी, हा रकाना वेगळा ठेवा.